कल्पनेतले फौजी पोलीस आणि धरणगावची भिल्ल पलटण

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काही ज्येष्ठ मंडळींनी दारातच विचारलं, की हे 'कल्पनेतले फौजी पोलीस' म्हणजे काय प्रकरण आहे? मागे बसलेली तरुण पोरं मात्र हसत होती, कारण त्यांना ते ठाऊक आहे. तेव्हा आधी ज्येष्ठांसाठी दोन वाक्यं. भूमिकाखेळ म्हणून एक प्रकार आहे. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. त्यातला एक सूत्रधार, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, 'तुम्ही बंदरावर उतरलात, समोर दोन शिपाई उभे आहेत, काय करता?' प्रत्येक जण आपल्या पात्राच्या तोंडून बोलतो आणि जिथं यश-अपयशाचा प्रश्न येतो तिथं फासे टाकतात. नाटकच ते, फक्त संहिता आधी लिहिलेली नाही. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला, १९७७ साली 'ट्रॅव्हलर' नावाचा अंतराळातला खेळ आला, आणि आता आपल्याकडची मुलंही असे खेळ खेळतात. नुसते खेळत नाहीत, स्वतःची जगं रचतात.

या रचलेल्या जगांबद्दल मला बोलायचंय. विज्ञानकथेचं जग म्हटलं की साधारण ठरलेला साचा असतो. दूरचा ग्रह, त्यावर माणसांची वसाहत, वसाहतीवर कुठल्या तरी साम्राज्याची सत्ता, आणि ती सत्ता राखायला एक दल. हे दल फार लवकर तयार होतं. काळं चिलखत, चेहरा झाकणारं हेल्मेट, एक भारदस्त इंग्रजी नाव. हत्यारांची यादी दोन पानं. आणि त्या दलात कोण आहे, त्याला पगार कोण देतं, सुट्टीत तो कुठं जातो, यावर एक ओळ नाही. माझी तक्रार एवढीच आहे. हेल्मेट सगळे रंगवतात, आतल्या माणसाचा गाव कुणी विचारत नाही. आणि ज्या जिल्ह्यात आपण बसलोय, तिथं असं एक दल खरोखर कागदावर आखून, माणसं गोळा करून उभं केलं गेलं होतं. त्याचा हिशोब मांडला तर आपली कल्पनेतली दलं कुठं कच्ची राहतात ते नीट दिसतं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'मिलिटरी पोलीस' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, फौजेचा पोलीस. दुसरा, फौजेसारखा पोलीस. आपल्या सैन्यातली कोअर ऑफ मिलिटरी पोलीस ही पहिल्या अर्थाची. लाल टोपी, दंडावर 'एमपी'ची पट्टी. सैनिकांची शिस्त पाहणं, लष्करी वाहतुकीचं नियमन करणं, युद्धकैद्यांची व्यवस्था लावणं ही त्यांची कामं. २०२१ साली याच कोअरमध्ये ८३ महिला शिपायांची पहिली तुकडी दाखल झाली. गावात चोरी झाली तर हे लोक येत नाहीत. तो त्यांचा प्रांतच नाही.

दुसरा अर्थ वेगळा. इंग्रजांच्या काळात 'आसाम मिलिटरी पोलीस', 'बर्मा मिलिटरी पोलीस' अशी दलं होती. ती फौजेवर नजर ठेवायला नव्हती. डोंगराळ मुलखातल्या प्रजेवर नजर ठेवायला होती. बंदुका फौजेच्या, कवायत फौजेची, काम मात्र पोलिसाचं. फ्रान्सची जांदार्मरी, इटलीतले १८१४ पासूनचे काराबिनिएरी, ही या जातीची दलं. ती दोन्ही कामं करतात, फौजेतही पोलीस आणि गावातही पोलीस. जपानची केम्पेताई १८८१ साली सैन्यावर लक्ष ठेवायला निघाली आणि पुढं नागरिकांच्याच मानगुटीवर बसली. म्हणजे पहिल्या अर्थातून दुसऱ्या अर्थात घसरायला फार वेळ लागत नाही. तुमच्या कल्पनेतलं दल यातलं कुठलं, हे ठरवल्याशिवाय पुढं जाऊच नये. बहुतेक जण ठरवत नाहीत. साम्राज्याचा शिपाई सकाळी सैनिकाला पकडतो, दुपारी भाजीवाल्याला हाकलतो आणि रात्री लढाईला जातो. मग त्याला कंटाळा कसा येत नाही, तेवढंच आश्चर्य!

आता एक चांगलं उदाहरण घेऊ. 'अटॅक ऑन टायटन' ही जपानी चित्रकथा २००९ साली सुरू झाली, २०१३ पासून तिची ॲनिमे आली. मागच्या पोरांपैकी निम्म्यांनी पाहिलीय, मान डोलावू नका, कळतंय मला. त्यात माणसं उंच भिंतींच्या आत राहतात, बाहेर नरभक्षक राक्षस. सैन्याच्या तीन शाखा. एक बाहेर जाऊन शोध घेणारी, एक भिंतींवर पहारा देणारी आणि तिसरी लष्करी पोलिसांची, जी सगळ्यात आतल्या भिंतीत, राजाजवळ राहते. या तिसऱ्या शाखेत जायचा हक्क कुणाला? प्रशिक्षणात पहिल्या दहांत येणाऱ्यांना. म्हणजे राक्षस मारण्यात जे सर्वांत तरबेज, त्यांना बक्षीस म्हणून राक्षसांपासून सर्वांत लांब ठेवायचं.

रचना म्हणून मला हे फार आवडतं. लेखकानं गणवेशाचं वर्णन करण्याआधी भरतीचा नियम केला, आणि त्या एका नियमातून दलाचा सगळा स्वभाव बाहेर आला. ऐदीपणा, लाचखोरी, भित्रेपणा, आणि त्यात सापडलेल्या एखाद्या प्रामाणिक पोराची घुसमट, हे वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडं सरकारी नोकरीत 'चांगलं पोस्टिंग' म्हणजे काय हे ज्याला कळतं, त्याला ही शाखा लगेच कळते.

दुसरा मुद्दा हद्दीचा. आपल्या भुसावळ जंक्शनचंच घ्या. फलाटावर तुमची बॅग चोरीला गेली. समोर खाकीतले लोक दिसतात. त्यातला एक आरपीएफचा, म्हणजे रेल्वे मंत्रालयाचा माणूस. १९५७ च्या कायद्यानं झालेलं दल ते, रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी यांच्या रक्षणासाठी. दुसरा लोहमार्ग पोलीस, तो राज्य सरकारचा; चोरीचा गुन्हा नोंदवायचा तो त्यानं. स्टेशनच्या बाहेर रिक्षा थांब्याशी गेलात की शहर पोलीस. त्यातून प्रवासी फौजी असेल तर त्याचा मामला आणखी वेगळा. सामान्य माणूस या तीन टेबलांमध्ये फिरतो आणि प्रत्येक टेबलावर एकच वाक्य ऐकतो, 'हे आमच्या हद्दीत येत नाही.' आता मला सांगा, अंतराळस्थानक लिहायचं असेल तर भुसावळच्या फलाटापेक्षा चांगला नमुना कुठं मिळणार? जहाजांच्या कंपनीचं दल, साम्राज्याचं दल, वसाहतीचं दल, आणि मध्ये बॅग हरवलेला माणूस. गोष्ट तिथं सुरू होते.

या कसोटीवर 'ट्रॅव्हलर' पाहिला तर काय दिसतं? त्या खेळात प्रत्येक ग्रहाची माहिती काही अंकांत लिहितात, आणि त्यात एक अंक कायद्याच्या कडकपणाचा असतो. शून्य म्हणजे हत्यारांवर बंदी नाही. अंक वाढत जातो तशा एकेक प्रकारच्या बंदुका बंद. आणि तोच अंक पोलिसांचा ससेमिरा टाळण्यासाठीही वापरतात, फाशांची बेरीज तेवढी किंवा जास्त आली तर सुटलात. कल्पना चलाख आहे. पण सबंध ग्रहाला एक अंक! अमळनेरच्या बाजारपेठेला आणि तोरणमाळच्या वाटेला एकच आकडा लावल्यासारखं झालं. खानदेशचा इतिहास ज्यानं वाचलाय त्याला माहीत आहे, की तापीच्या काठचा कायदा आणि सातपुड्याच्या घाटातला कायदा एक कधीच नव्हता, आणि सगळा संघर्ष त्या दोहोंच्या सीमेवर होता.

'ट्रॅव्हलर'चं एक मोठेपण मात्र सांगितलंच पाहिजे. त्यात पात्र रचताना आधी त्याची नोकरी रचावी लागते. नौदल, सैन्य, व्यापारी जहाज, जे असेल ते. चार-चार वर्षांच्या फेऱ्या. पात्र कधी कधी खेळ सुरू होण्याआधीच नोकरीत मरतं. आणि पुरेशा फेऱ्या काढल्या तर त्याला पेन्शन लागते. पेन्शनचा विचार करणारा विज्ञानखेळ! हे हसण्यावारी नेऊ नका. पेन्शन बंद झाली की काय होतं, त्यावर आपल्या भागाचं अर्धं शतक गेलंय.

तिकडेच येतो आता.

१८१८ साली पेशवाई गेली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज राजकीय एजंट म्हणून धुळ्याला बसला. धुळे शहराची आजची मांडणी त्याच्या काळात सुरू झाली हे आपण शाळेत शिकतो. त्यानं ताब्यात घेतलेला मुलूख मात्र उजाड होता. होळकर-शिंद्यांच्या लढाया, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. भिल्ल समाज त्याआधी गावगाड्याचा भाग होता. गावचा जागल्या बहुधा भिल्ल असायचा. चोरीचा माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि पुढच्या गावाच्या हवाली करायचं, हे त्याचं काम, आणि त्याबद्दल त्याचा हक्क ठरलेला. घाटांत भिल्ल नाईक वाटेची राखण करायचे, त्याचाही हक्क. गावगाडा मोडला तसे हक्क बुडाले. हक्क बुडाला तो माणूस राखणदाराचा लुटारू झाला, आणि 'लुटारू' हे त्याचं नाव सरकारदरबारी पडलं. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी भिल्लांना बोलावून घेऊन दगा केल्याचे, सरसकट कत्तल केल्याचे प्रसंग याच काळातले.

ब्रिग्जनं आणि त्याच्यानंतरच्यांनी फौज पाठवून पाहिली, नाईकांना पेन्शनी देऊन पाहिल्या. जंगलात फौज तापानं आजारी पडायची. सात वर्षं हे चाललं. मग १८२५ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, एक योजना ठरली. भिल्लांसाठी तीन एजन्सी. एजंटानं लोकांना जमिनीवर बसवायचं, तगाई द्यायची, नाईकांचे हक्क तपासायचे, किरकोळ तंटे स्वतःच निकालात काढायचे. आणि जोडीला, भिल्लांचीच एक पलटण. ती उभी करण्याचं काम जेम्स औटरमकडे आलं. वय वर्षं बावीस. ठिकाण धरणगाव. इथून तासाभराच्या वाटेवर.

आता याच्याकडे रचना म्हणून पाहू. पहिला प्रश्न भरतीचा. कोण येणार? सरकारनं बोलावलं, एका जागी जमा व्हा म्हणाले, की त्याचा अर्थ काय हे भिल्लांना अनुभवानं माहीत होतं. पलटणीत जमवून आपल्याला कापणार, अशी अफवा खरोखर उठली होती. ती भीती वेडगळ नव्हती, ती आठवण होती. औटरमनं सुरुवात मूठभर माणसांपासून केली. त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात उठला-बसला. संख्या शेकड्यांवर जायला वेळ लागला.

दुसरा प्रश्न, बाकीची फौज यांना काय समजते? याबद्दल एक प्रसंग औटरमच्या चरित्रात येतो. पलटण मालेगावला गेली तेव्हा औटरमच्या जुन्या रेजिमेंटचे शिपाई, ज्यांत उच्चवर्णीय पुष्कळ होते, ते या भिल्ल शिपायांना भेटले, त्यांना आपल्यात बसवलं, पानसुपारी दिली. चरित्रकारानं ते अभिमानानं सांगितलंय. आपण जरा थांबून पाहू. पानसुपारी देणं ही नोंद करण्याजोगी गोष्ट वाटली, याचाच अर्थ ती मिळणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. दलाची दलात काय किंमत आहे, हे त्या एका तबकात दिसतं. कल्पनेतल्या दलाच्या दोन पानी हत्यारयादीनं जे सांगता येत नाही, ते असं एका प्रसंगात येतं. तुमच्या साम्राज्याच्या फौजेचा जुना शिपाई वसाहतीतून भरती झालेल्या शिपायाशेजारी जेवायला बसतो का? हे लिहा, आधी हे लिहा.

तिसरा प्रश्न, हे दल वापरतात कुणावर? पलटणीनं खजिन्यांचे पहारे दिले, चौक्या सांभाळल्या. पण १८३० मध्ये डांगच्या भिल्लांवर मोहीम निघाली तेव्हा औटरम हीच माणसं घेऊन गेला. ज्यांच्यातून भरती, त्यांच्यावरच चाल. वाट माहीत, भाषा माहीत, माग काढायची विद्या बापजाद्यांची. जी विद्या गावाच्या राखणीची होती ती आता सरकारच्या मोहिमेची झाली. रचना यशस्वी झाली ती या जागी, आणि माणूस दुभंगला तोही याच जागी.

या दुभंगाला विज्ञानखेळात कुणी हात घातलाय का? एकानं घातलाय, आणि तोही विनोदी खेळानं. १९८४ सालचा 'पॅरानोइया'. त्यात सगळं शहर एका संगणकाच्या ताब्यात आहे. खेळाडू हे त्या संगणकाचे शिपाई. त्यांचं काम, उत्परिवर्तित माणसं आणि गुप्त संघटनांचे सभासद शोधून ठार करणं. आणि खेळाचा नियम असा, की प्रत्येक खेळाडू स्वतः उत्परिवर्तित असतो आणि स्वतः एका गुप्त संघटनेचा सभासद असतो. लोक खेळताना पोट धरून हसतात. पण हा नियम हसण्यापुरता नाही. शिकारी आणि शिकार एकाच कातडीत असणं, ही वसाहतीतल्या प्रत्येक शिपायाची गोष्ट आहे.

आपल्याकडं तिचं नाव खाज्या नाईक. सरकारी कागदांत काजरसिंग. सेंधव्याच्या घाटाची राखण हे त्यांच्या घराचं काम, आणि ते कंपनीच्या पोलिसी चाकरीत होते. एका कैद्याच्या मृत्यूबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. १८५६ मध्ये सुटले. १८५७ ची धामधूम सुरू झाली तेव्हा सरकारला घाट सांभाळणारा माणूस हवा होता, म्हणून त्यांनाच पुन्हा कामावर घेतलं. काही महिन्यांत ते बंडात गेले. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्याच घाटवाटेवर सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली. भिल्ल पलटण सरकारच्या बाजूनं राहिली होती. म्हणजे दोन्हीकडं भिल्ल. १८६० मध्ये खाज्या नाईक मारले गेले.

या एका आयुष्यात काय नाही? वंशपरंपरेचा राखणदार, सरकारी पोलीस, कैद्याच्या मृत्यूला जबाबदार ठरलेला पोलीस, कैदी, पुन्हा पोलीस, बंडखोर, आणि आज ज्यांना आपण क्रांतिकारक म्हणून मानतो ते. यातली कुठलीही एक पायरी गाळली तर माणूस खोटा होतो. नुसता नायक करायचा म्हणून कैद्याची गोष्ट झाकायची नाही, आणि नुसता गुन्हेगार करायचा म्हणून हक्काची गोष्ट झाकायची नाही.

आता याच्याशेजारी प्रसिद्ध मंडळींना उभं करा. 'स्टार वॉर्स'चे पांढरे शिपाई, १९७७. दिसायला अजोड. पण कित्येक चित्रपट त्यांना गाव नाही, आई नाही, पगार नाही. २०१५ मध्ये फिन आला, त्याच्या हेल्मेटवर मरणाऱ्या सोबत्याच्या रक्ताची बोटं उमटली आणि आपण चमकलो, अरे, आत माणूस आहे. पण चित्रपटाला घाई होती. फिन थोड्याच वेळात दुसऱ्या बाजूला जातो आणि कालपर्यंतच्या सोबत्यांवर सहज गोळ्या झाडतो. डांगच्या वाटेवर निघालेल्या शिपायाला हे इतकं सोपं गेलं असेल का?

किंवा ब्रिटिश चित्रकथेतला जज ड्रेड घ्या, तोही १९७७ चाच. पकडणारा तोच, न्याय करणारा तोच, शिक्षा देणारा तोच. आणि चित्रकथेत तो हेल्मेट काढत नाही. ही मात्र विचारपूर्वक केलेली रचना आहे, उपहास आहे तो. तिन्ही अधिकार एकाच हातात आले की चेहऱ्याची गरज उरत नाही, असं ती म्हणते. पण वाचणारे पुष्कळ जण उपहास विसरतात आणि ड्रेडलाच आदर्श मानतात. आपल्या भिल्ल एजंटाकडं तगाई, तंटे आणि शिपाई एकत्र होते. तो दयाळू होता का कठोर, हा दुय्यम प्रश्न. त्याच्याविरुद्ध दाद कुठं मागायची, हा मुख्य. योगायोग असा, की १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर चार्ल्स नेपियरनं पोलीस फौजेपासून वेगळे केले, आणि त्या नेपियरशी सिंधच्याच प्रश्नावरून कडाक्याचं भांडण झालं ते याच औटरमचं.

तेव्हा तिसरी कसोटी ही: शिपायानंच गुन्हा केला तर त्याला पकडणार कोण? कल्पनेतल्या दलाला हा प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर ते दल नाही, नुसती दहशत आहे. दहशतीवर एक प्रसंग लिहिता येतो, जग उभं राहत नाही.

आणि ही कसोटी बंडखोरांनाही लावायची. खेळांत साम्राज्याला पोलीस असतो, बंडखोरांना फक्त गाणी असतात. खरं तसं नसतं. १४ एप्रिल १९४४ ला आपल्या धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ इंग्रज सरकारचा साडेपाच लाखांचा खजिना लुटला गेला. लुटणारे साताऱ्याच्या प्रतिसरकारचे लोक, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या प्रतिसरकारनं स्वतःची तुफान सेना उभी केली होती, गावोगाव न्यायनिवाडे केले होते, दरोडेखोर आणि खबऱ्यांना शिक्षा दिल्या होत्या. 'पत्री' हा शब्द त्यातूनच लोकांच्या तोंडी बसला. मी त्यांचा आदर करतो, आणि आदरापोटीच म्हणतो, की सरकार म्हटलं की शिक्षा आली, शिक्षा आली की चूक होण्याची शक्यता आली, आणि त्या चुकीची तक्रार ऐकणारं कुणी लागतंच. तुमच्या बंडखोर वसाहतीत ते कोण आहे? ज्या सूत्रधारानं याचा विचार केलाय, त्याच्या टेबलावर खेळाडू गप्प होतात, विचार करायला लागतात.

एक शेवटची गोष्ट, कागदपत्रांबद्दल. भिल्ल पलटणीबद्दल मी जे सांगितलं ते मुख्यतः कुठून आलं? १८८० चं खानदेश गॅझेटियर, आणि त्याच सुमाराचं गोल्डस्मिडनं लिहिलेलं औटरमचं चरित्र. दोन्ही एकाच बाजूची. त्यात औटरम बोलतो, धरणगावचा शिपाई बोलत नाही. वाघाची शिकार औटरमच्या धाडसासाठी येते, माग काढणाऱ्याचं नाव येत नाही. आणि आपण पाहतो ते सिनेमे, खेळ, कादंबऱ्या यांतही हाच साचा उतरलाय: बाहेरून एक शूर अधिकारी येतो, रानटी लोकांचं मन जिंकतो, त्यांची फौज बांधतो. साचा इतका गुळगुळीत झालाय की तो आपल्याला आपोआप सुचतो. म्हणून नव्या मुलांना माझं सांगणं असं, की दलाचा पहिला प्रसंग अधिकाऱ्याच्या नजरेनं लिहू नका. भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या, आणि आपल्याला इथं कापणार तर नाहीत ना असा विचार करणाऱ्या माणसाच्या नजरेनं लिहा.

(व्याख्यानानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न इथं देत आहोत.)

प्रश्न : सर, मग आम्ही आमच्या खेळात भिल्ल पलटणच घेतली तर चालेल का? नाव बदलून, दुसऱ्या ग्रहावर?

उत्तर : चालेल की. पण नुसतं नाव बदलून गणवेश चढवलात तर तुम्ही परत तेच केलं, जे गॅझेटियरनं केलं. त्या समाजाची मुलं तुमच्याच वर्गात आहेत, तुमच्याच टेबलावर खेळायला बसू शकतात. त्यांना बसवा. त्यांच्या घरी खाज्या नाईकांची गोष्ट कशी सांगतात ते ऐका, ती पुस्तकातल्यापेक्षा वेगळी असेल. आणि त्यातल्या एखाद्याला सूत्रधार होऊ द्या. मग साम्राज्याचा शिपाई तो कसा रंगवतो, ते बघायला मला जरूर बोलवा, भो. फासे टाकायला मी येईन.